बुलेट, आरएक्स की येझदी? घेण्याआधी ऑइलचं बघा

जुनी मोटारसायकल घ्यायची म्हटलं की पुण्यात फिरून फिरून तीनच नावं येतात, कास्ट आयर्न (म्हणजे बिडाच्या इंजिनाची जुनी) बुलेट, यामाहाची आरएक्स १०० आणि येझदी, आणि लोक बघतात काय तर टाकी ओरिजिनल आहे का, क्रोम कसंय, पेपर क्लिअर आहेत का. ते बघाच हो, पण इंजिनाला ऑइल कसं पोचतं हे तिघींचं इतकं वेगळंय की माझ्या मते निवड तिथूनच सुरू करावी.

येझदीचं लगेच उरकतो कारण ऑइलकिंग मॉडेल सोडलं तर तिच्यात ऑइल पंपच नाही. पेट्रोलमध्येच टू-टी, म्हणजे टू-स्ट्रोक इंजिनाचं ऑइल, मिसळायचं, जुन्या हिशोबाने पंचवीसला एक, म्हणजे ५ लिटरला २०० मिली. जे नाहीच ते बिघडणार काय! पण घाटात वांधे होतात, कारण ऑइल येतं पेट्रोलबरोबर, आणि दिवे घाट उतरताना थ्रॉटल बंद करून नुसत्या गिअरवर गाडी रोखून धरली की इंजिन जोरात फिरतंय आणि ऑइल जवळपास बंद. म्हणून जाणकार येझदीवाले उतारावर मधूनमधून जरा ॲक्सिलरेटर पिळतात.

आरएक्स (१९८५ ते ९६) पण येझदीसारखी टू-स्ट्रोकच, म्हणजे ऑइल जळून जाणारीच, पण तिला यामाहाचा ऑटोल्यूब (आपोआप ऑइल देणारा पंप) आहे, १९६४ सालच्या यामाहा वायए-६ पासून चालत आलेली कल्पना. ऑइलची टाकी वेगळी, आणि छोटा प्लंजर (दट्ट्याचा) पंप इंजिनच्याच गिअरवर फिरतो. थ्रॉटलची केबल पुढे दोन फाटे होऊन एक कार्ब्युरेटरला आणि एक पंपाच्या पुलीला जाते. म्हणजे पंप किती वेगाने मारणार हे आरपीएमवर आणि दर फेरीला किती ऑइल सोडणार हे थ्रॉटलवर. उतारावर थ्रॉटल सोडला तरी पंप फिरतोच, थोडं का होईना ऑइल जातंच. डोकं लावलेलं काम आहे, पण वापरलेल्या गाड्यांत गोची अशी की बऱ्याच जणांनी पंप काढून किंवा बंद करून टाकलेला असतो, आणि विकणाऱ्यालाही ते माहीत असेलच असं नाही. तुम्ही पंप चालू समजून नुसतं पेट्रोल भरलंत की पिस्टन जाम. म्हणून साइड कव्हर उघडा, टाकीपासून पंपापर्यंतची नळी बघा, थ्रॉटल पिळल्यावर पुली हलते का बघा. आणि टाकी कधी पूर्ण रिकामी झाली असेल तर नळीत हवा अडकते, पंपाच्या ब्लीड स्क्रूने (हवा सोडायच्या स्क्रूने) ती काढल्याशिवाय गाडी पळवू नका.

आता बुलेट. फोर-स्ट्रोक, त्यामुळे ऑइल जळून जात नाही, तेच ते फिरत राहतं, आणि त्यासाठी एक नाही दोन पंप. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकाला वर्म (स्क्रूसारखा गिअर) आहे, तो एक तिरका स्पिंडल (बारीक दांडा) फिरवतो, आणि त्याच स्पिंडलवर फीड आणि रिटर्न दोन्ही पंप चालतात. फीड पंप केसिंगमधल्या ऑइलच्या कप्प्यातून ओढतो, फिल्टरमधून क्रँकमार्गे बिग एंडला (कनेक्टिंग रॉडच्या खालच्या बेअरिंगला) देतो. तिथून खाली सांडलेलं ऑइल रिटर्न पंप उचलतो, थोडं वर रॉकरला (व्हॉल्व्ह दाबणाऱ्या भागाला) पाठवतो, बाकीचं परत कप्प्यात. रिटर्नची ताकद मुद्दाम जास्त ठेवलीय, नाहीतर क्रँककेसच भरून जाईल.

आणि बरेच दिवस उभी राहिली की नेमकं तेच होतं. घासलेल्या पंपातून ऑइल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं, मग डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) लेव्हल कमी दिसते, मालक बिचारा वरून अजून ओततो, आणि स्टार्ट केल्यावर निळा धूर आणि ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) ऑइल बाहेर. गाडी आधी थोडी चालवा, मगच डिपस्टिक बघा. नुसत्या धुरावरून गाडी नाकारू नका, धूर थोड्या वेळात ओसरला तर रिटर्न काम करतोय. खरी भीती वर्म आणि स्पिंडलच्या दात्यांची, ते गेले तर दोन्ही पंप एकदम बंद आणि बिग एंडचा निकाल. पंपाची डिस्क नुसती घासली असेल तर बारीक पेस्ट लावून बसवता येते, आणि सुटे पार्ट लागलेच तर नाना पेठेत चक्कर मारायची.

माझं मत विचाराल तर लांब जायचं, घाट करायचे तर बुलेट, बाकी दोघी त्या बाबतीत मागेच. गावातल्या गावात पळवायची तर आरएक्स, पण पंप जोडलेली, किंवा काढलाय हे स्वच्छ सांगणारा मालक असेल तर मिक्स करून. येझदी आवडते म्हणून घ्या, पण पंपावर पेट्रोल भरताना प्रत्येक वेळी टू-टी मोजून टाकायचा कंटाळा असणाऱ्याने तिच्या वाटेला जाऊ नये.

बुलेट ठरलीच तर मेकॅनिकला सोबत घेऊन जा आणि मालकाच्या परवानगीने इंजिन आयडलवर असताना रॉकरच्या ऑइल पाइपचा बोल्ट थोडा ढिला करायला सांगा. ऑइल पाझरलं तर पुढची बोलणी करा, कोरडं दिसलं तर इंजिन लगेच बंद करायला लावा.