बोटाच्या मुळाचा सांधा की मधला? लिगामेंटची गंमत

रविवारी रामबागेत पोरांबरोबर टेनिस बॉलने खेळताना कॅच घेतला आणि बोट मागे गेलं, मग बर्फ धरून बसल्या बसल्या हा उद्योग सुचला. तुम्ही पण करून बघा, बोट सरळ ठेवून मुळाशी डावी-उजवीकडे हलवा, आरामात हलतं, आता तेच मुळाशी दुमडून हलवा, जागचं हलत नाही! कारण तिथल्या हाडाचं डोकं तळव्याकडे जास्त फुगीर, दुमडलं की बाजूची दोन्ही लिगामेंट (म्हणजे हाडाला हाड जोडणारे चिवट पट्टे) त्यावरून ताणली जातात. मधला सांधा मात्र सरळ असो की वाकडा, बाजूला हलतच नाही, तिथली लिगामेंट जवळपास कायम टाइट. पण तो वाकडा ठेवून बांधला तर तळव्याकडची जाड पट्टी आखडते आणि बोट सरळ होत नाही. म्हणून स्प्लिंटमध्ये (दुखऱ्या हाताला बांधायच्या कडक आधारात) मूळ साधारण 70 ते 90 डिग्री दुमडलेलं आणि मधला सांधा सरळ ठेवतात, उलट वाटतं ना? मुळाचा सरळ ठेवला तर सैल लिगामेंट तशीच आखडतात आणि नंतर मूठ वळत नाही. मला तर मुळाचाच सांधा जास्त हुशार वाटतो. आमच्या आईने मात्र हळद लावून अख्खं बोट आइसक्रीमच्या काडीला सरळसोट बांधलं होतं, गुपचूप सोडलं.