टायर प्रेशर सेन्सर, आठ महिन्यांनंतर: बीप खरा निघाला, पाना मात्र डोक्यात जातो

व्हॉल्व्हच्या टोपणाच्या जागी बसणारे चार सेन्सर आणि डॅशबोर्डवर चिकटवायचा छोटा डिस्प्ले. फीचर्स सगळ्यांना पाठ आहेत, म्हणून थेट तक्रारीवर येतो.

तक्रार म्हणजे पाना. सेन्सर कुणी काढून नेऊ नये म्हणून त्याखाली लॉकनट दिलाय आणि तो सोडवायला बोटाएवढा पत्र्याचा पाना. हवा भरायची तर आधी पाना शोधा, नट ढिला करा, सेन्सर काढा, हवा भरा, मग सगळं उलट. असं चार वेळा. मागचा हॉर्न वाजवतोय आणि आपण सीटखाली हात घालून पाना चाचपडतोय, बोटं काळी. चोर तरी एवढे कष्ट घेईल का?

असो. बसवले तेव्हा सकाळीही ३० अंश तापमान असायचं. हवा ३३ पीएसआय (टायरमधल्या दाबाचं माप) भरली, दाब २८ वर उतरला की बीप वाजेल असा अलार्म लावला आणि विसरून गेलो. दोन महिन्यांनी थंडी पडली. एका सकाळी ८ अंशांत गाडी चालू केली आणि चारही टायर एकदम बोंबलले: २७, २८, २७, २७. वीस मिनिटं चालवल्यावर आकडे आपोआप तीसच्या वर, बीप बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच. संच भिकार आहे म्हणून एक स्टार द्यायचं मी ठरवूनही टाकलं होतं.

मग लक्षात आलं, पंक्चर असतं तर एकच टायर उतरला असता. चारही सारखे उतरले म्हणजे कारण बाहेरचं. कागद घेऊन बसलो. गेज, म्हणजे दाब मोजायचं यंत्र, शून्य दाखवतो तेव्हाही टायरमध्ये बाहेरच्या इतका, म्हणजे साधारण १४.७ पीएसआय दाब असतोच. म्हणून हिशोब ३३ वर नाही, ४७.७ वर करायचा, आणि तापमान केल्विनमध्ये घ्यायचं, म्हणजे सेल्सिअसमध्ये २७३ मिळवायचे. ३०३ वरून २८१ वर आलं की गेजवर उरतात साडेएकोणतीस. म्हणजे दर सहा अंशांना जवळपास एक पीएसआय. वरचे दोन गेले ते रबरातून. धडधाकट टायरही महिन्याला एखादा पीएसआय सोडतोच. सेन्सर बिचारा खरं बोलत होता. एक स्टारचे तीन केले.

अर्थात त्याआधी मी एक माती खाल्ली होतीच. लांबचा प्रवास करून थांबलो, डिस्प्लेवर ३८. घाबरून हवा सोडून ३३ केली. दुसऱ्या सकाळी परत बोंब! चालवून तापलेल्या टायरमध्ये चार-पाच पीएसआय वाढणं नेहमीचंच. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा थंड टायरचा असतो, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना मोजायचा. टायरच्या अंगावर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी भरायची नसते. आणखी एक मजा: गाडी सकाळच्या उन्हात उभी असली की उन्हाकडचे दोन टायर सावलीतल्यांपेक्षा एक-दीड पीएसआय जास्त दाखवतात. आधी मला हाही बिघाड वाटला होता.

सर्व्हिसवाल्याने यावर ‘नायट्रोजन भरा, थंडीत हलणार नाही’ असं सांगून पैसे घेतले. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि थंडीत दोन्ही सारखेच आकसतात. पुढच्या गारठ्यात आकडे तसेच खाली आले. फार तर रबरातून झिरपणं थोडं कमी होत असेल. तेवढ्यासाठी मी पुन्हा पैसे मोजणार नाही.

डिस्प्लेवर तापमानही दिसतं, पण सेन्सर व्हॉल्व्हच्या बाहेरच्या टोकाला असल्याने ते आतल्या हवेचं कमी आणि बाहेरच्या वाऱ्याचं जास्त असतं. त्यावर मी विश्वास ठेवत नाही. दाबाचा आकडा मात्र हातातल्या गेजशी एका पीएसआयच्या आत जुळतो.

आता उकाडा सुरू झालाय. थंडीत ३३ भरलेली हवा सकाळी थंड टायरमध्येच ३५ दाखवते, म्हणजे प्रत्येक टायरमधून दोन पीएसआय सोडायचे आहेत. पाना पुन्हा गायब. काल नट पक्कडीने सोडवायला गेलो, तर मागच्या डाव्या नटाच्या कडाच झिजल्या. तीन टायर ३३ वर आलेत, तो एक अजून ३५ वरच आहे.