वाटखर्चाच्या प्रेमकथा

दोन अनोळखी माणसे, एक लांबचा रस्ता, मध्येच दगा देणारे वाहन आणि मुक्काम येईपर्यंत जुळलेली मने, एवढ्या शिदोरीवर गेली नव्वद वर्षे चित्रपट निघत आहेत. यंदा सोयाबीन घरात आल्यावर आणि कपाशीची वेचणी जोरात सुरू होण्यापूर्वी जी थोडी उसंत मिळते, त्या दिवसांत दारव्हा तालुक्यातील आमच्या घराच्या अंगणात दोरीवर पांढरी चादर ताणून, भाच्याने आणलेल्या लहानशा प्रोजेक्टरवर या जातीचे सहा चित्रपट सहा रात्री पाहिले. पहिल्या रात्री घरचीच माणसे होती. तिसऱ्या रात्रीपासून शेजारपाजारची मंडळी सतरंजी घेऊन येऊ लागली. चार चित्रपट हिंदी होते आणि दोन इंग्रजी. इंग्रजी संवाद मी मोठ्याने मराठीत सांगत होतो, त्यामुळे पुढील परीक्षणात माझ्या मताइतकेच अंगणाचेही मत मिसळलेले आहे.

या प्रकाराचे मर्म प्रेमात नसून वाटखर्चात आहे, असे माझे मत सहाव्या रात्रीपर्यंत पक्के झाले. पैसे संपले, गाडी चुकली, खोली एकच मिळाली, जेवायला एकाच माणसापुरते आहे, अशी खरी अडचण असली तरच दोन परक्या माणसांना एकमेकांचे तोंड पाहावे लागते. जेथे दिग्दर्शकाने अडचण उसनी आणली आहे तेथे गाणी, देखावे आणि देखणे चेहरे असूनही चित्रपट रुतून बसतो.

या घराण्याचा मूळ पुरुष म्हणजे फ्रँक काप्रा यांचा १९३४ सालचा ‘इट हॅपन्ड वन नाइट’. सॅम्युअल हॉपकिन्स अ‍ॅडम्स यांच्या रात्रीच्या बसवरील कथेवरून रॉबर्ट रिस्किन यांनी त्याची पटकथा लिहिली. उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शक, अभिनेता, अभिनेत्री आणि पटकथा ही पाचही प्रमुख ऑस्कर पारितोषिके एकाच चित्रपटाला मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता. धनाढ्य बापाची लेक मायामीजवळ बोटीवरून पाण्यात उडी मारून पळते आणि न्यूयॉर्कला जाणाऱ्या साध्या बसमध्ये बसते. शेजारच्या आसनावर नोकरी गमावलेला पत्रकार असतो. क्लॉडेट कोल्बेर आणि क्लार्क गेबल यांची ही जोडी कृष्णधवल चित्रातही इतकी ताजी वाटते की पहिल्या दहा मिनिटांनंतर रंग नसल्याची तक्रार कोणी केली नाही.

अमेरिका तेव्हा महामंदीत होती आणि त्याची जाणीव चित्रपटाच्या प्रत्येक थांब्यावर होते. मुलीची बॅग चोरीस जाते. हातात उरलेल्या चार पैशांतून ती चॉकलेट विकत घेऊ लागते, तेव्हा पत्रकार ते परत करायला लावतो आणि यापुढे तिच्या पैशांचा हिशेब आपल्याकडे घेतो. एका थांब्यावर न्याहारीसाठी उतरताना ती चालकाला ‘मी येईपर्यंत थांबा’ असे बजावून जाते आणि परत येते तेव्हा बस निघून गेलेली असते. आमच्या अंगणात एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक बसले होते. सरपंचासाठीसुद्धा आपण कधी घंटी रोखली नाही, असे त्यांनी या ठिकाणी अभिमानाने सांगितले. पुढे दुसऱ्या बसमध्ये सगळे प्रवासी मिळून गाऊ लागतात, त्या नादात चालकाचे रस्त्यावरून लक्ष उडते आणि बस खड्ड्यात जाते. गाणे थांबते तेव्हा कळते की एक बाई भुकेने बेशुद्ध पडली आहे. तिच्या रडणाऱ्या मुलाच्या हाती यांच्याजवळची नोट जाते आणि येथून पुढचा प्रवास पायी होतो. हसता हसता पोटात कालवाकालव करणारा हा एवढा तुकडा मला संपूर्ण चित्रपटात सर्वांत मोलाचा वाटला.

सर्वांत गाजलेला प्रसंग अर्थातच पडद्याचा. पूल वाहून गेल्यामुळे रात्र एका खोलीत काढावी लागते; दोन खाटांच्या मध्ये दोरी बांधून पत्रकार तिच्यावर घोंगडी टाकतो आणि बायबलातील जेरिकोच्या तटबंदीचे नाव तिला देतो. परदेशी समीक्षकांनी या घोंगडीवर पुष्कळ लिहिले आहे, परंतु आमच्याकडच्या बायकांना ती समजावून सांगावीच लागली नाही. एका खोलीच्या घरात नवी सून आली की वळणीवर लुगडे टाकून आडोसा करतात, आणि त्या लुगड्याच्या अलीकडे सासू-सासरे खोकत झोपतात, हे येथे ज्याने त्याने पाहिलेले किंवा भोगलेले असते. त्यात आमचा पडदाही दोरीवरचीच चादर होती. वाऱ्याने ती हलली तशी चित्रातली घोंगडीही हलली आणि मागच्या सतरंजीवरच्या दोघी जावा तोंडाला पदर लावून बराच वेळ हसत होत्या.

रस्त्यावर गाडी थांबवण्याचा प्रसंग भाषांतर करताना मात्र माझी पंचाईत झाली. नायक अंगठा दाखवून गाडी थांबवण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा मोठ्या ऐटीत शिकवतो. एकही गाडी थांबत नाही. आमच्याकडे गाडीला हात देतात. अंगठा दाखवणे म्हणजे फसवणे, आणि हा गृहस्थ गाड्यांना अंगठा दाखवूनही त्यांनी थांबावे अशी अपेक्षा करतो, हे काही केल्या मुलांच्या गळी उतरेना. शेवटी मुलगी झगा गुडघ्यावर घेते आणि पहिलीच गाडी करकचून थांबते, तेव्हा भाषांतराची गरज उरली नाही.

दोष सांगायचा तर हात उगारण्याचा. मुलगी बोटीवरून पळते ती बापाने थोबाडीत मारल्यावर, आणि पुढे ओढा ओलांडताना तिला खांद्यावर टाकलेला नायकही तिला एक चापट देतो. १९३४ मध्ये हा विनोद होता. शेजारच्या काकू मात्र म्हणाल्या, “बापानं हानलं म्हून पोरगी पयाली, अन् यानंबी हानलंच. मंग फरक काय पडला?” यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते आणि चित्रपटाजवळही नाही.

याच कथेची हिंदी रूपे पाहताना कोणत्या गोष्टी गळतात हे पाहणे उद्बोधक आहे. अनंत ठाकूर यांच्या १९५६ च्या ‘चोरी चोरी’त राज कपूर आणि नर्गिस आहेत, शंकर-जयकिशन यांचे फिल्मफेअर मिळवणारे संगीत आहे, लता मंगेशकर आणि मन्ना डे यांची द्वंद्वगीते आहेत, आणि या सगळ्या श्रीमंतीत भूक हरवली आहे. चांदण्यात इतके सुरेल गाणाऱ्या माणसांना उद्याच्या भाकरीची चिंता असेल यावर विश्वास बसत नाही. गाण्यांसाठी तो पुन्हा पाहीन, प्रवासासाठी नाही. महेश भट्ट यांच्या १९९१ च्या ‘दिल है के मानता नहीं’मध्ये मुंबई ते बंगळूर असा प्रवास आहे आणि आमिर खान, पूजा भट्ट यांच्या भांडणांत खरा खटका आहे. यातली गाणी आमच्या वयाच्या लोकांनी एसटी स्टँडवरच्या कॅसेटच्या दुकानांतून इतकी ऐकली आहेत की चित्रपट नीट पाहणे अवघड जाते. पुढचे गाणे केव्हा, याकडेच कान लागतात.

विजय आनंद यांचे दिग्दर्शक म्हणून पदार्पण असलेला ‘नौ दो ग्यारह’ (१९५७) हा माझ्या दृष्टीने सहा रात्रींतला सुखद धक्का. लग्नाच्या मांडवातून पळालेली मुलगी मुलाचा वेष घेऊन देव आनंदच्या ट्रकमध्ये शिरते. कल्पना कार्तिक यांचा तो वेष कोणालाही फसवणार नाही, तरी देव आनंद फसतो आणि आपण ते चालवून घेतो, कारण ट्रक हलत असतो, वाट दिसत असते, आणि दोघांनाही कोठे पोचायचे आहे यापेक्षा कोठून निघायचे आहे याची घाई अधिक असते. ट्रक हा या कथेसाठी बसपेक्षा वेगळा आणि फार नेमका निवडलेला आहे: बसमध्ये साक्षीदार असतात, ट्रकमध्ये दोघांशिवाय कोणी नसते, म्हणून मधला आडोसा वेषाचा करावा लागतो. उत्तरार्धात मात्र ट्रक थांबतो, वारसा आणि खुनाचे रहस्य सुरू होते आणि चित्रपट दुसऱ्याच फाट्याला वळतो. तो फाटाही मनोरंजक आहे, परंतु आपण ज्या गावचे तिकीट काढले होते ते गाव ते नव्हे.

इम्तियाज अली यांचा ‘जब वी मेट’ (२००७) आमच्या अंगणातल्या मुलींनी आधीच अनेकदा पाहिलेला होता आणि त्या करीना कपूरचे संवाद तिच्याआधी म्हणत होत्या. शाहिद कपूरचा नायक उद्योगपती आहे, म्हणजे माझ्या कसोटीवर तो नापास व्हायला हवा. येथे दिग्दर्शकाची हुशारी दिसते. नायक पैशाने भरलेला परंतु जगण्याला कंटाळलेला दाखवून त्याने खिशाऐवजी मन रिकामे केले आहे, आणि अडचणीचा भार पाण्याच्या एका बाटलीवर टाकला आहे. रतलाम स्थानकावर बाटलीला जास्त पैसे मागणाऱ्या विक्रेत्याशी नायिका हुज्जत घालत राहते आणि गाडी सुटते. काही रुपयांच्या न्यायासाठी सामानासकट गाडी घालवणारी ही मुलगी येथल्या मुलींना आपली वाटते, यात नवल नाही. स्टेशनमास्तर एकट्या मुलीने कसे वागावे यावर प्रवचन देतो त्या वेळी तर अंगणात हास्याचा स्फोट झाला. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट झाले, तेव्हापासून आमच्या गावातून यवतमाळला शिकायला एकट्या जाणाऱ्या मुलींना असले स्टेशनमास्तर प्रत्येक थांब्यावर भेटत असावेत. गाडी सुटण्यावरून आमच्या एका वडीलधाऱ्यांनी शकुंतलेची आठवण काढली. मूर्तिजापूरहून दारव्ह्यावरून यवतमाळला जाणारी ती अरुंद रुळांची गाडी आता कित्येक वर्षे बंद आहे. ती चालू असताना सुटलेली गाडी धावत जाऊन पकडता येत असे, त्यामुळे हा सिनेमा शकुंतलेवर काढला असता तर पंधरा मिनिटांत संपला असता, असे त्यांचे म्हणणे पडले.

मध्यंतरानंतर ‘जब वी मेट’ नऊ महिने पुढे उडी घेतो, रस्ता संपतो आणि कोमेजलेल्या नायिकेला पुन्हा उभे करण्याची कथा सुरू होते. ती वाईट नाही. परंतु प्रवासात दोघे बरोबरीचे होते. येथे एक वाचवणारा आणि एक वाचवली जाणारी उरते, आणि माझा रस तेवढा उतरला.

सहावा ‘लीप इयर’ (२०१०, दिग्दर्शक आनंद टकर) पाहायचे श्रम कोणी घेऊ नयेत असे मी म्हणणार नाही, कारण आयर्लंडची हिरवळ सुंदर आहे आणि मॅथ्यू गूड यांचा तुसडा खानावळवाला गमतीचा आहे. २९ फेब्रुवारीला स्त्रीने पुरुषाला लग्नाचे विचारावे या प्रथेसाठी एमी अ‍ॅडम्सची नायिका डब्लिनला निघते, वादळामुळे भलतीकडे उतरते आणि पैसे मोजून या माणसाची गाडी ठरवते. बिनसते ते येथेच. जिच्याकडे पैसे, कार्ड आणि फोन आहे तिला अडवायला निसर्गाला सतत कामाला लावावे लागते. कधी वादळ, कधी चढण, कधी गाई. रस्त्यात आडव्या आलेल्या गाई हुसकायला ती उतरते, तिचा महागडा बूट शेणात जातो, बूट पुसताना गाडीला रेटा बसतो आणि गाडी उतारावरून पाण्यात जाते. आमच्या गुराख्याने यावर एकच प्रश्न विचारला, की उतारावर गाडी लावताना चाकाला दगड का नाही लावला. एका प्रश्नात संपूर्ण प्रसंग कोसळला.

खरी अडचण आणायची कोठून, हा प्रश्न केवळ या एका चित्रपटाचा नाही. आमच्या शेजारच्या कारंज्याजवळून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग गेला आहे. तेथे फाटा नाही, टपरी नाही, आणि हात दिला तरी कोणी थांबत नाही. अशा रस्त्यावर दोन अनोळखी माणसांची गाठ घालायची तर लेखकाला पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक डोके चालवावे लागेल. मराठीत सतीश राजवाडे यांच्या ‘मुंबई-पुणे-मुंबई’ने २०१० मध्ये दोन अनोळखी माणसांना एका दिवसासाठी एकत्र आणले खरे, पण ते पुण्यात फिरवले. रात्रीच्या मुक्कामी गाडीत, मागच्या टायरवरच्या आसनावर, पायाशी कोंबड्यांची पाटी घेऊन बसलेल्या दोघांची प्रेमकथा अजून कोणी लिहावयाची आहे.

कोणता एकच पाहावा असे विचाराल तर १०५ मिनिटांचा १९३४ चाच पाहावा, आणि घरात इंग्रजी न समजणारी माणसे असतील तर त्यांना बाजूला बसवून मोठ्याने सांगत पाहावा. शेवटी बाप दहा हजार डॉलरचे बक्षीस देऊ करतो आणि पत्रकार फक्त झालेला खर्च मागतो, ३९ डॉलर ६० सेंट. आमच्या निवृत्त वाहकांनी हा आकडा दोनदा विचारून घेतला. त्या काळच्या दराने ते शंभर रुपयांच्या थोडे वर होतात असे मी सांगितल्यावर त्यांनी प्रवासाचे दिवस मोजले, दोन जिवांचे जेवण धरले, आणि चादर उतरवून घडी घालताना म्हणाले, “मानूस खरा हाय. भत्ता नाई लावला त्यानं.”