मंगल कार्यालयात वॉकी-टॉकी: घ्यावी का?

सांगली-मिरज रस्त्याला आमचं मंगल कार्यालय आहे. वर हॉल, खाली पंगतीचं दालन, मागच्या अंगाला भटारखाना आणि त्याला लागून कोठी. यंदाच्या लग्नसराईआधी आम्ही सहा वॉकी-टॉकी घेतल्या, नगामागे साडेतीन हजारांना. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण मला जे सांगायचंय ते कुठल्याही कंपनीच्या सेटला लागू पडेल.

याआधी सगळा कारभार फोनवर. मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या की वाजंत्री सुरू, त्यात खिशातला फोन वाजलेला कुणाला कळतो? ग्रुपवर ‘मसालेभात कमी’ असा मेसेज पडायचा आणि कुणी तो वाचेपर्यंत पंगत ताकावर आलेली असायची. त्यामुळे सेट हवेत यावर घरात दुमत नव्हतं. दुमत होतं ते कुठले घ्यायचे यावर. ऑनलाइन स्वस्तातले पाच वॅटचे सेट दिसतात, पण ते परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. आपल्याकडे बिनपरवाना वापराला मोकळा आहे तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्‌झचा पट्टा, तोही अर्ध्या वॅटपर्यंत. ऑनलाइन विक्रीत याची इतकी सरमिसळ झाली होती की २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. तेव्हा घेताना खोक्यावरची वारंवारता वाचा आणि ‘ईटीए’चा, म्हणजे त्या प्रकारच्या यंत्राला मिळालेल्या सरकारी मंजुरीचा, कागद दुकानदाराकडून मागूनच घ्या.

खोक्यावर लिहिलंय, पल्ला तीन किलोमीटर. असेल, रिकाम्या माळावर. आमच्याकडे हॉल ते पार्किंग झकास ऐकू येतं, पण कोठीत लोखंडी मांडण्यांच्या मागे गेलं की नुसती खरखर. कोठीवाल्या मावशी आता दारात येऊन बोलतात. बॅटरी सकाळच्या साखरपुड्यापासून संध्याकाळच्या रिसेप्शनपर्यंत टिकते. क्लिप मात्र फालतू आहे. ती पट्ट्यासाठी केलेली, नऊवारी-सहावारीचा विचार कुणी केलेला दिसत नाही. मावशींनी शेवटी बटव्याला नाडी लावून सेट गळ्यात अडकवला. भटारखान्यातल्या सेटचं बटण तेलकट हाताने घसरतं, आणि आवाज झाला की आपोआप चालू होणारी सोय तिथे चुकूनही लावू नका. झारा कढईवर आपटला की सेट चालू, आणि आचारीकाकांचे पोरांबद्दलचे खास उद्गार थेट हॉलमधल्या माणसाच्या कानात.

आता खरा मुद्दा. सेट आणल्यावर पहिले काही दिवस गोंधळ कमी व्हायच्या ऐवजी वाढला. सहाही जणांना एकदम बोलता यायला लागलं, म्हणून सहाही जण एकदम बोलायला लागले. या यंत्रात बटण दाबलेलं असताना आपल्याला ऐकू येत नाही. दोघांनी एकदम दाबलं तर तिसऱ्याला दोघांचंही धड कळत नाही, आणि दोघंही समजतात की आपलं पोचलं. माझे सासरे रेल्वेत स्टेशन मास्तर होते. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावर, विमानतळाच्या धावपट्टीवर दोन बोईंग ७४७ एकमेकांवर आदळून ५८३ माणसं गेली, तिथेही नियंत्रण कक्ष आणि दुसरं विमान एकाच क्षणी बोलले आणि ऐन मोक्याचे शब्द चिरक्या आवाजात बुडाले, हे ते प्रत्येक नव्या वाढप्याला सांगतात. पोरं जिलेब्या मोजता मोजता ऐकतात.

त्यांचंच दुसरं म्हणणं जास्त उपयोगी पडलं. रेल्वेत फाटक बंद असल्याची खात्री देताना गेटमनचं नुसतं “बंद केलं” चालत नाही. ठरलेल्या तक्त्यातला एक खाजगी क्रमांक द्यावा लागतो, तो वहीत उतरवला जातो आणि वापरलेला क्रमांक तक्त्यात खोडला जातो. आमच्याकडे एवढ्याची गरज नाही, पण ऐकलेलं परत म्हणायचं हा नियम मामंजींनी घातला. “ओके वहिनी” चालणार नाही. मी म्हटलं, “कोठी, पाच-शून्य ताटं वर,” की मावशींनी म्हणायचं, “पाच-शून्य ताटं वर, पाठवते.” आकडे सुटे सुटे बोलायचे, कारण सात आणि साठ बँडच्या गलक्यात सारखेच ऐकू येतात. आणि ज्याला सांगायचं त्याचं नाव आधी, म्हणजे बाकीचे चार जण कान काढून घेतात.

एक गोष्ट खोक्यातल्या माहितीपत्रकात नव्हती. बटण दाबून क्षणभर थांबायचं, नाहीतर पहिला शब्द खाल्ला जातो, हे त्यात होतं. शेवटाबद्दल काहीच नव्हतं. आपला नकार बसतो वाक्याच्या टोकाला. हॉलमधल्या मुकादमाने सांगितलं “दुसरी पंगत बसवू नका” आणि घाईत बटण आधीच सोडलं. खाली पोचलं ते “दुसरी पंगत बसवू”. पंगत बसली, वर मंगलाष्टकं चालू, आणि यजमान माझ्याकडे बघतायत. तेव्हापासून आम्ही नकार आधी घेतो: “थांबा. दुसरी पंगत नंतर.” व्याकरणाला कसंही वाटो.

हे सगळं जमलं तरी एक अडचण उरली, आणि ती कुठल्याच सेटने सुटत नाही. मठ्ठा संपत आल्याचं एका वाढप्याने वेळेत कळवलं. मुकादम तिथेच, सगळ्यांच्या कानात, त्याच्यावर ओरडला: “मघाशी झोपला होतास काय?” पोरगा गप्प झाला. वाईट हे की त्या दिवसानंतर बाकीची पोरंही गप्प झाली. भात तळाला लागला, पाण्याचा जार रिकामा झाला, कुणी बोलेना. आम्हाला कळायचं ते पाहुण्यांच्या तोंडून. मग मी मुकादमाला कोठीत बोलावून, दार लावून सांगितलं: भाऊ, रागवायचं असेल तर पोराला बाजूला घेऊन रागवा, पंगत उठल्यावर. सेटवर फक्त काय हवं, किती, कुठे. आणि कमी पडतंय असं कुणी कळवलं की आधी “कळलं, येतंय” म्हणायचं. त्याला ते पटायला वेळ लागला, पण त्यानंतर पोरं “जिलेबी अर्धं पातेलं उरलीय” असं आपणहून, वेळेवर सांगायला लागली. साडेतीन हजारांतलं माझं वसूल झालं ते इथे.

गुप्तता हवी असेल तर हे यंत्र विसरा. त्यात टोनची सोय असते, पण ती दुसऱ्यांचा आवाज आपल्याकडे बंद करते, आपलं बोलणं कुलपात ठेवत नाही. मधूनमधून जवळच्या बांधकामावरचा माणूस “वीट सोड, वीट सोड” म्हणून आमच्यात येतोच, म्हणजे आमचंही त्याच्याकडे जात असणार. हॉलमधल्या माणसाला इयरफोन सक्तीचा करा. “वरपक्षाकडचे काका रुसलेत, गोड पाठवा” हे वाक्य सेटच्या स्पीकरवर वाजलं तेव्हा काका दोन हातांच्या अंतरावर उभे होते. पैशाचा विषय, हिशेबाची घासाघीस, कुणाच्या घरातलं भांडण, हे चालत जाऊन सांगायचं. आणि मेनूतला बदल सेटवर सांगितला तरी भटारखान्याच्या फळ्यावर खडूने लिहायचाच, कारण आचारीकाका कढईपाशी असले की त्यांना ऐकलेलं आठवत नाही, वाचलेलं आठवतं.

पाचपैकी चार तारे. चारशे पानांच्या वर काम असेल आणि स्वयंपाक एका टोकाला, हॉल दुसऱ्या टोकाला असेल तर डोळे झाकून घ्या. पन्नास-साठ पानांच्या बारशाला हाक पुरते. दोन इयरफोन जास्तीचे घ्या, वाफेने त्यांच्या नळ्या लवकर कडक होतात. आणि सेट यजमानांकडच्या हौशी मंडळींच्या हाती लागू देऊ नका. मागच्या रविवारी मुलीच्या धाकट्या मामांनी एक उचलला आणि अर्धा तास भटारखान्याला चहाच्या ऑर्डरी दिल्या.