कुपवाडचे गॅरेज आणि जुन्या सहा सिलिंडरच्या इंजिनाची वेगमर्यादा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतील या गॅरेजमध्ये जुन्या जग्वारचे ४.२ लिटरचे इंजिन तपासून घेतले आणि असे जाणकार मिस्त्री आपल्या भागात आहेत, याचे मनापासून समाधान वाटले. एका रांगेतील सहा सिलिंडरच्या रचनेचा तोल मुळातच उत्तम असल्याने आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला होणारे फेरे) वाढले तरी हादरे फारसे जाणवत नाहीत, आणि धोका नेमका तिथेच असतो. लांब क्रँकशाफ्टला (पिस्टनच्या हालचालीने फिरणाऱ्या मुख्य दांड्याला) बसणारा पीळ चालकाला कळत नाही आणि तो आवरणाऱ्या डॅम्परमधील रबर वयानुसार कडक होऊन तडकते. मिस्त्रींनी आधी तेच पाहिले, मग इंजिन गरम झाल्यावर ऑइलचा दाब मोजला. स्ट्रोक (पिस्टनचा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचा प्रवास) १०६ मिलिमीटर असल्यामुळे ५००० आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे १७.७ मीटर, म्हणजे जुन्या इंजिनासाठी बराच जास्त होतो, म्हणून एवढ्या जुन्या इंजिनाला रोजच्या वापरात ४००० च्या पुढे नेऊ नये आणि थंड असताना तर मुळीच ताणू नये, हा त्यांचा सल्ला मला पूर्ण पटला. घाटातही तेवढे पुरते, कारण या इंजिनाचा जोर कमी आरपीएमपासूनच भरपूर आहे. काम संथ चालते, तरीही बिलात प्रत्येक बाब स्वतंत्र लिहिलेली असते.