दहा रंगांचं पॅनल आणि त्यातले डाय: काही महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडच्या फ्लो सायटोमीटरला, म्हणजे एकेका पेशीवर लेझर टाकून तिच्यातून येणारा प्रकाश मोजणाऱ्या मशीनला, ४०५, ४८८ आणि ६४० नॅनोमीटरचे तीन लेझर आहेत. रक्तातल्या लिम्फोसाइटसाठी दहा रंगांचं पॅनल (एकाच नळीत घालायच्या अँटिबॉडी आणि त्यांना जोडलेल्या चमकत्या डायचा संच) आधीपासून ठरलेलं होतं, तेच काही महिने रोज चालवलं. अँटिबॉडीचे क्लोन (नेमके वाण) जवळपास तेच राहिले, डाय मात्र बरेच बदलले. म्हणून हा अनुभव डायबद्दलचा आहे. मशीनबद्दल माझी तक्रार नाही.

आधी स्पेक्ट्रमच्या आलेखांबद्दल. कोणत्या डायचा प्रकाश दुसऱ्या कुठल्या रंगाच्या डिटेक्टरमध्ये सांडेल याचा अंदाज त्यांवरून येतो, पण त्यात प्रत्येक डायचं शिखर शंभर टक्क्यांवर आणून काढलेलं असतं. त्यामुळे फिका पर्सीपी आणि झगझगीत पीई शेजारी शेजारी सारखेच उंच दिसतात. कोण किती उजळ आहे हे तिथे कळतच नाही, आणि पॅनल जमणं-बिघडणं निम्मं त्यावरच असतं. दिसतं तसं नसतं, हे इथे अगदी शब्दशः खरं.

सर्वांत जास्त त्रास टँडम, म्हणजे दोन डाय जोडून केलेल्या, डायनी दिला. जुन्या पॅनलमध्ये बी पेशी ओळखायचा मार्कर सीडी१९ एपीसी-साय७ या टँडमवर होता आणि सीडी१२७ हा दुसरा मार्कर नुसत्या एपीसीवर. टँडममध्ये एपीसीने शोषलेली ऊर्जा साय७ कडे जाते आणि प्रकाश ७८० च्या आसपास बाहेर पडतो. ही जोडी प्रकाशाने, उष्णतेने, फिक्सेशनने (पेशी रसायनाने पक्क्या करण्याने) सुटू लागते. जिवंत पेशींच्या संपर्कातही सुटते. मग सुटलेला एपीसी आपल्या मूळ ६६० वर चमकतो. आमच्याकडे रंगवून झालेल्या नळ्या मशीनसमोर रांगेत ताटकळल्या, की बी पेशींवर सीडी१२७ दिसायला लागायचा. रक्तातल्या परिपक्व बी पेशींवर सीडी१२७ कुठून येणार? सीडी१२७ ची अँटिबॉडी वगळून बाकी सगळं घातलेली एफएमओ नळी तशीच ताटकळत ठेवून चालवली, तर बी पेशी तिथेही एपीसीमध्ये वर सरकलेल्या. वगळलेल्या अँटिबॉडीचा सिग्नल दिसतोय म्हटल्यावर वाद संपला. फॉइल, अंधार, चार अंश तापमान या सगळ्याने फरक पडतो, पण नळी किती वेळ उभी राहील हे रोज आपल्या हातात नसतं. आणि टँडमची बाटली गोठवायची तर अजिबात नाही.

दुसरी गोष्ट स्प्रेडची, म्हणजे सिग्नलच्या पसाऱ्याची. सीडी४ एफआयटीसीवर होता, सीडी२५ पीईवर. एफआयटीसीचं शेपूट पीईच्या डिटेक्टरमध्ये शिरतं. कॉम्पेन्सेशन केल्यावर, म्हणजे सांडलेला प्रकाश गणिताने वजा केल्यावर, पेशींचा मध्य जागेवर येतो, पण फोटॉन मोजण्यातल्या अनिश्चिततेमुळे आलेला पसारा तसाच राहतो. तो कुठल्याही गणिताने वजा होत नाही. सीडी२५ मुळात अंधुक आणि नेमका सीडी४ पेशींवरच बघायचा, त्यामुळे त्याची खालची पातळी त्या पसाऱ्यात बुडून जायची.

म्हणून सीडी१९ एफआयटीसीवर नेला आणि सीडी४ पर्सीपी-साय५.५ वर. हाही टँडमच, पण त्याचा पीईमध्ये फारसा त्रास नाही. एफआयटीसी अजूनही पीईमध्ये सांडतोच, पण आता सांडतो बी पेशींवर, आणि तिथे आम्हाला सीडी२५ वाचायचाच नसतो. या एका अदलाबदलीने जितका फरक पडला तितका महागड्या नव्या डायने पडला नाही. एपीसी-साय७ ची रिकामी जागा मृत पेशी ओळखणाऱ्या, फिक्सेशन सोसणाऱ्या निअर-इन्फ्रारेड डायला दिली. मृत पेशी गेटमधून (मोजायच्या पेशी निवडणाऱ्या चौकटीतून) बाहेरच जातात, त्यामुळे त्यांचं सांडणं कुणाला बाधत नाही.

बीव्ही४२१ या डायबद्दल मात्र फक्त कौतुक. टँडम नाही, भरपूर उजळ, अंधुक मार्करसाठी उत्तम. तो सीडी४५ वर वाया घालवू नये. नाकापेक्षा मोती जड व्हायचा. सीडी४५ पेशीवर इतका भरपूर असतो की त्याला अलेक्सा७०० सारखा फिका डायही पुरतो. बीव्ही कुटुंबातले दोन-तीन डाय एकाच नळीत आले की ते एकमेकांना चिकटतात, आणि पेशींचे ठिपके कॉम्पेन्सेशन कमी पडल्यासारखे तिरके ताणले जातात. एकच डाय घातलेल्या एकरंगी कंट्रोल नळीत हे दिसत नाही, त्यामुळे लोक कॉम्पेन्सेशनचे आकडे हाताने ओढत बसतात. बीव्ही डायसाठीचं खास बफर अँटिबॉडी मिसळण्याआधी घातलं की प्रश्न मिटतो.

पीई आणि एपीसी ही प्रथिनं आहेत. मिथेनॉलने पेशी उघडायच्या असतील तर रंगवून झाल्यावर ती टिकत नाहीत. पेशींच्या आतल्या फॉस्फो-प्रथिनांसाठी (फॉस्फेट जोडलेल्या प्रथिनांसाठी) अलेक्सा४८८ आणि अलेक्सा६४७ घ्यावेत, फक्त अलेक्सा६४७ आणि एपीसी एकाच नळीत नकोत, डिटेक्टर एकच.

टँडम पूर्ण टाळता आलेले नाहीत, पीई-साय७ अजून आहे. त्याचा एकरंगी कंट्रोल त्याच बाटलीतून घेतो, कारण लॉट (उत्पादनाची खेप) बदलला की सुटण्याचं प्रमाणही बदलतं. तो कंट्रोल नमुन्याइतका तरी उजळ असावा, आणि नमुना फिक्स केला असेल तर त्यालाही तितकाच वेळ फिक्स करावं. पुढे ५६१ चा लेझर मिळाला तर पीईचा सिग्नल आणखी सुधारेल. मात्र पीई-साय५ तेव्हाही घेणार नाही: ६४० चा लेझर त्यातल्या साय५ ला थेट पेटवतो, आणि शेजारचा एपीसी कामातून जातो.