लग्नसराईत हातात काय धरायचं: ओरिजिनल ब्रँडेड बॅग, सेकंडहँड, फर्स्ट कॉपी की सरळ सोनं?

तुळशीचं लग्न झालं की इकडं बेळगावात कार्यालयं मिळेनाशी होतात आणि बायकांच्या ग्रुपवर विषय ठरलेला, साडी झाली, दागिने झाले, आता हातात काय धरायचं. पूर्वी हा प्रश्नच नव्हता, असेल ती पर्स, त्यात मोबाईल, रुमाल आणि आहेराची पाकिटं मावली की झालं. आता नणंद बेंगळुरात आयटीत, जाऊ पुण्यात, मामेभाऊ दुबईत, आणि अक्षता पडायच्या आत फोटो इन्स्टावर गेलेले असतात, त्यामुळं भिशीत सगळ्यांसमोर कुणी नुसतं "ओरिजिनल हाय काय गे?" विचारलं तरी भल्याभल्यांची झोप उडते. ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी हे लिहितेय. बजेट दोन लाख धरते, कारण लुई व्हिताँ (एलव्ही) या महागड्या फ्रेंच ब्रँडची रोजच्या वापरातली कॅनव्हासची बॅग दीड-दोन लाखांच्या घरात जाते आणि आपल्याकडं हट्ट बहुतेक तिचाच असतो.

आधी एकच बघा, ही बॅग बघणार कोण आहे. कार्यालयात पुढच्या रांगेत बसलेल्या आत्या-मावशा मंगळसूत्र किती तोळ्यांचं, पाटल्या पोकळ की भरीव, साडी शहापूरची (बेळगावातला साड्यांचा बाजार) की ऑनलाइनची, हे सगळं लांबूनच सांगतील आणि चुकायच्या नाहीत. त्यांच्यासमोर दोन लाखांची बॅग आणि दोन हजारांची बॅग शेजारीशेजारी ठेवा, त्यांना दोन्ही रेक्झिनच्या पर्स. आणि खरं सांगायचं तर त्या फार चुकतही नाहीत, कारण तो चॉकलेटी मोनोग्राम, म्हणजे एलव्ही अक्षरांच्या नक्षीचा भाग, लेदर नव्हेच, वरून कोटिंग दिलेलं सुती कॅनव्हास असतं, लेदर फक्त हँडलला आणि कडांना. बॅग ओळखणारे चार-पाच जणच, ती बेंगळूरची नणंद आणि पुण्याची जाऊ वगैरे. म्हणजे दोन लाख जातात ते या चार-पाच जणांसाठी. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा.

नवीन ओरिजिनल

बेळगावात या बॅगेचं दुकान नाही, बेंगळूरच्या यूबी सिटीत आहे, आणि ऑगस्ट २०२५ पासून वंदे भारत सुरू झाल्यामुळं "जाऊनच येऊया" म्हणणं फार सोपं झालंय. दुकानात गेल्याचा फायदा खरा आहे, वस्तू हातात धरून बघता येते, बिल मिळतं, पुढं दुरुस्तीला नेता येते. हे लोक सेल लावत नाहीत, कधीच नाही, त्यामुळं इन्स्टावर "८०% ऑफ, फॅक्टरी आउटलेट" अशी लुई व्हिताँची जाहिरात दिसली तर पुढं वाचायचीही गरज नाही. स्वस्त विकलं तर नावच स्वस्त होतं अशी या धंद्याची भीती असते. बरबेरी या ब्रिटिश ब्रँडनं तर एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न विकलेला माल नष्ट केल्याचं २०१८ मध्ये बाहेर आलं आणि बोंबाबोंब झाल्यावर त्याच वर्षी ते बंद केलं. आपल्याकडं दिवाळीनंतर उरलेला माल खडेबाजारात निम्म्या किमतीत निघतो, तसलं तिकडं नसतं.

आता पैसे. रोख असतील आणि बॅग मनापासून आवडली असेल तर घ्या, कुणाला हिशेब द्यायची गरज नाही. पण कार्ड काढून ईएमआय करणार असाल तर थांबा. दोन लाख, १६% व्याज, २४ महिने धरले तर हप्ता साधारण ९,८०० रुपये बसतो, व्याज ३५,००० च्या आसपास, आणि क्रेडिट कार्डाच्या ईएमआयवर त्या व्याजावर परत १८% जीएसटी, म्हणजे आणखी ६,३०० रुपये. लग्न एका दिवसाचं आणि हप्ता पुढच्या दोन दिवाळ्या. ऊसबिल आलं की एकदम फेडू म्हणणाऱ्यांना निपाणी-चिक्कोडीकडचे लोक सांगतीलच बिल कधी येतं ते. हप्त्यावर घ्यायची का, तर माझं उत्तर सरळ "नाही".

अजून एक, जे दुकानात फारसं कुणी सांगत नाही. त्या बॅगांचं फिकट रंगाचं हँडल बहुतेक मॉडेलांत प्रक्रिया न केलेल्या चामड्याचं असतं, ते वापरून वापरून मधासारखं गडद होतं आणि तीच त्याची शान मानतात. पण पाण्याचा थेंब पडला की डाग बसतो. बेळगावचा जुलै-ऑगस्ट माहीत आहे ना, कपाटातल्या लग्नाच्या साडीला वास येतो, चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते, तिथं हे हँडल सांभाळायचं म्हणजे घरात तान्हं बाळ आणल्यासारखं आहे. वापरायची नाही म्हणून नुसती पिशवीत गुंडाळून ठेवली तरी दमट हवा तिला सोडत नाही, अधूनमधून बाहेर काढून हवा द्यावीच लागते.

फर्स्ट कॉपी

फर्स्ट कॉपी, सेव्हन ए, मास्टर कॉपी, मिरर, नावं कितीही काढली तरी माल नकलीच. तीन हजारांपासून पंधरा हजारांपर्यंत मिळते आणि इथं घेणाऱ्यांत हीच सगळ्यात जास्त दिसते, म्हणून जरा सविस्तर.

कॉपीचं गणित मुळातच बसत नाही. आत्या-मावशांना ओरिजिनल काय नि कॉपी काय, त्यांच्यासाठी आठशेची पर्सही चालली असती. आणि ज्या चार-पाच जणांसाठी एवढी खटपट, नेमकं त्यांनाच ती कळते. अक्षरांचे ठसे बघतात, ओरिजिनलमध्ये नावातला ओ चांगला गोल असतो, कॉपीत लांबट होतो. चेन ओढून बघतात, शिलाईचे टाके बघतात, हँडलच्या कडेचा रंग बघतात. म्हणजे जिला कळत नाही तिच्यासाठी पैसे वाया आणि जिला कळतं तिच्यासमोर लाज, वर ती तोंडावर काही बोलत नाही, नंतर गाडीत बोलते.

उलटंही होतं. स्पीडी नावाचं मॉडेल आहे, ते कॅनव्हासच्या एकाच सलग तुकड्यातून करतात, तळाला जोड नसतो, त्यामुळं एका बाजूला नक्षी सरळ आणि मागच्या बाजूला एलव्ही ही अक्षरं उलटी येतात. ओरिजिनलची खूणच ती. पण आपल्या भिशीत कुणीतरी बॅग फिरवून म्हणणारच, "अगं हे उलटं छापलंय, फसवलं तुला". दोन लाख घालून वर हेच समजावत बसायचं. (मला तर हे चित्र फार आवडतं.)

ती मोनोग्रामची नक्षीच मुळात १८९६ मध्ये नकलांना वैतागून काढली होती, कंपनी १८५४ ची. नकली ओळखू यावी म्हणून केलेली नक्षी आज फूटपाथवर लटकलेली दिसते. कायद्याचं म्हणाल तर १९९९ चा ट्रेडमार्क कायदा विकणाऱ्याला धरतो, सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५०,००० ते २ लाख दंड. तुम्हाला पोलीस धरायला येत नाहीत, पण कॅश ऑन डिलिव्हरीनं भलतंच पार्सल आलं तर तक्रार कुठल्या तोंडानं करणार, आणि विकणारा ब्लॉक करून मोकळा.

हौस म्हणून, कॉपी आहे असं उघड सांगून वापरणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या खरं तर सगळ्यात निवांत असतात.

सेकंडहँड

ओरिजिनलच हवी आणि दोन लाख जड वाटत असतील तर हा मार्ग मला सगळ्यात पटतो. बहुतेक ब्रँडेड बॅगांची किंमत दुकानाबाहेर पडताच उतरते, "बॅग म्हणजे गुंतवणूक" हे रीलवाल्यांचं वाक्य एर्मेसच्या बर्किनसारख्या मोजक्या बॅगांपुरतं धरा. दुसऱ्याच्या खिशातनं उतरलेली ती किंमत तुमचा फायदा. मूळ बिल, तपासणीचा कागद आणि परत करायची मुदत, तिन्ही असतील तरच घ्या. लुई व्हिताँनं २०२१ पासून आतल्या तारखेच्या कोडऐवजी मायक्रोचिप बसवायला सुरुवात केली, म्हणजे अलीकडची बॅग म्हणून विकतायत आणि आत जुना कोड दाखवतायत तर काहीतरी गडबड आहे. आतलं अस्तर चिकट झालंय का आणि कोपरे घासलेत का, याचे जवळून फोटो मागवा, वास फोटोत येत नाही म्हणून विचारून घ्या. घरात "जुनी कशाला, कुणाची वापरलेली" होणारच, पण लग्नात बहिणीची पैठणी मागून नेसताना हा प्रश्न कुणाला पडत नाही. बॅगही मागून आणता येते की.

तेच दोन लाख सोन्यात, साडीत

इथं मी जरा बेळगावकर होते. कोल्हापूर-गोव्याकडनं लोक बस्ता बांधायला शहापूरला येतात आणि आपण मात्र बॅगेसाठी बेंगळूरला. दोन लाखांत सोनं आता पूर्वीसारखं येत नाही, २०२५ मध्येच तोळ्यानं लाख ओलांडला, तरी दागिना समोरच्या सगळ्यांना कळतो आणि अडीअडचणीला गल्लीतल्या सोसायटीत तारण ठेवता येतो. बॅग तारण घेणारी सोसायटी अजून निघाली नाही.

पण सोनं म्हणजे निव्वळ बचत हेही खरं नव्हे. दागिना केला की घडणावळ गेली, ३% जीएसटी गेला, मोडताना दोन्ही परत मिळत नाहीत, आणि नक्षीकाम जेवढं जास्त तेवढी घडणावळ जास्त. हॉलमार्कचा सहा अंकी-अक्षरी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक, बघूनच घ्या. आणि दबाव म्हणाल तर सोन्याचा बॅगेपेक्षा कितीतरी जुना नि जास्त कडक आहे, बॅग नाही म्हणून कुणाची सोयरीक अडलेली मी तरी ऐकली नाही, सोन्यावरनं अडलेल्या सगळ्यांनी ऐकल्यात. त्यामुळं बॅगेच्या नावानं नाक मुरडणाऱ्या मावशांनाही थोडं आरशात बघायला हरकत नाही.

पायात काय, हेही आलंच. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन ब्रँडनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली, आधी नाव घेतलं नाही, ओरड झाल्यावर मान्य केलं, आणि डिसेंबरात महाराष्ट्र-कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार करून २,००० जोड काढायचं जाहीर केलं, एकेक जोड ८०० युरोच्या आसपास, म्हणजे ऐंशी हजारांच्या पुढं. २०१९ मध्ये कोल्हापुरीला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं ते सीमेच्या दोन्ही बाजूंच्या चार-चार जिल्ह्यांना, आपला बेळगाव त्यात आहे, आणि अथणीतली घराणी ही चप्पल पिढ्यानपिढ्या करतायत. हजार-दीड हजारात हाती केलेला जोड मिळतो. सुरुवातीला अंगठ्याला लागते, आठवडाभर आधीपासून घरात घाला, तेल लावा, आणि पावसातलं लग्न असेल तर घालूच नका, चामडं फुगतं.

आणि जावयाचं घड्याळ

हा दबाव बॅगेपेक्षा वाईट, कारण मागणारा वेगळा आणि पैसे भरणारा वेगळा. पूर्वी एचएमटी दिलं की जावई खूश, १९६१ पासून बेंगळुरात बनायचं, २०१६ मध्ये सरकारनं बंद केलं. अजूनही चावीचं एचएमटी गल्लीतला घड्याळजी उघडून नीट करून देतो, स्विस ऑटोमॅटिक मात्र सर्व्हिसिंगला बाहेर पाठवावं लागतं आणि त्याचा खर्च कुणी आधी सांगत नाही. रॅडो-टिसॉ द्यायचंच ठरलं असेल तर अधिकृत डीलरकडनंच घ्या, वॉरंटी कार्डावर तारीख आणि शिक्का मागा. दहा लाखांच्या वरचं घड्याळ घेणारे असाल तर एप्रिल २०२५ पासून दुकानदार किमतीवर १% टीसीएस (विक्रीवेळीच घेतला जाणारा आगाऊ कर) घेतो, पॅन द्या, रिटर्नमध्ये वळता होतो. बाकीच्यांनी आधी पोराला गुपचूप विचारून घ्या, निम्म्या पोरांच्या मनगटावर स्मार्टवॉच असतं आणि सासऱ्याचं रॅडो लग्नाच्या अल्बममध्येच काय ते दिसतं.